आपल्याकडे एक अमरीशभाई हवे होते?

मोशीत खानदेशी माणूस शोधावा लागत नाही. भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांनी धुळे, जळगाव, नंदुरबारची पोरे इतकी ओढून आणली आहेत की भाजीवाल्याकडे भरताची वांगी मागितली तर तो न विचारता हिरवी, मोठी काढून देतो. आमच्या इमारतीखाली संध्याकाळी आम्ही चार म्हातारे बसतो, त्यातले तिघे तापीकाठचे. उन्हाळ्यात पाण्याचे टँकर फाटकाशी लागले की आमच्या या बैठकीत एक वाक्य हमखास निघते, "आठे बी एक अमरीशभाई पायजे व्हता!" चौथे गृहस्थ साताऱ्याकडचे. ते दर वेळी विचारतात, "कोण हो हे अमरीशभाई?" आणि मग तिघेही एकदम बोलू लागतो.

कोकणातल्या माझ्या व्याह्यांना आणि अमेरिकेतल्या भाच्यालाही तोच प्रश्न पडेल, म्हणून आज जरा सविस्तर लिहितो. आणि हेही सांगून टाकतो की त्या वाक्याशी मी सहमत नाही. तिथे वाद घालत नाही, कारण टँकर आलेला असताना तत्त्वाचा वाद घालू नये एवढी अक्कल या वयात आली आहे. इथे मात्र लिहितो.

धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याने उत्तरेला निघालात की सावळद्याच्या पुलावर तापी ओलांडायची, पलीकडे शिरपूर. पुढे सातपुडा आणि मध्य प्रदेशची हद्द. माझ्या नोकरीची तीस वर्षे याच तालुक्यात गेली. अरुणावती नदीच्या काठचे हे गाव, खंडेराव महाराजांच्या यात्रेचे, कापसाच्या आणि मिरचीच्या बाजाराचे. पूर्वी बाहेरच्या माणसाला शिरपूर ओळखायला लावायचे तर आम्ही सांगायचो, "स्मिता पाटीलच्या वडिलांचे गाव". ते वडील म्हणजे शिवाजीराव पाटील, स्वातंत्र्यसैनिक आणि मंत्री. तालुक्यात साखर कारखाना उभा राहिला त्या पिढीचे ते पुढारी. पुढे हळूहळू ओळख बदलली. 1990 नंतर आम्ही सांगू लागलो, "अमरीशभाईंचे शिरपूर".

अमरीशभाई रसिकलाल पटेल. घर गुजराती, व्यापार-उद्योगातले. आमच्याकडे घरची भाषा गुजराती असणे ही काही बाहेरची गोष्ट नाही. अहिराणीतच अर्धी गुजराती मिसळलेली आहे. 1980 च्या दशकात ते शिरपूर-वरवाडे नगरपालिकेचे नगराध्यक्ष झाले आणि तेव्हापासूनची पालिका ही बहुतांशी एकाच घराची गोष्ट आहे. खुर्चीवर कधी ते स्वतः. 2016 च्या थेट निवडणुकीत पत्नी जयश्रीबेन. उपनगराध्यक्ष म्हणून बंधू भूपेशभाई. 1990 पासून 2009 पर्यंत चार वेळा ते आमदार होते, मधे राज्यात मंत्रीही झाले. 2009 मध्ये मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव झाला. तेव्हा त्यांच्याच गटाचे काशिराम पावरा आमदार झाले आणि हे विधान परिषदेत गेले. 2019 मध्ये काँग्रेस सोडून भाजपमध्ये गेले, तर तालुकाही त्यांच्याबरोबर गेला. निशाण बदलले, घर तेच!

बाहेर मुंबईत विलेपार्ल्याच्या केळवणी मंडळाचे ते अध्यक्ष. 'नरसी मोनजी' नावाची मॅनेजमेंटची मोठी संस्था त्याच मंडळाची. मुंबईत एवढे मोठे काम असलेला माणूस एरवी गावाकडे दिवाळीपुरता येतो. यांनी उलटे केले. मुंबईची संस्था शिरपूरला आणली. तापीच्या काठावर तिचे आवार उभे राहिले. त्याआधीच वडिलांच्या नावाने फार्मसी आणि इंजिनिअरिंगची कॉलेजे निघाली होती. तांड्याला दिवंगत भाऊ मुकेशभाईंच्या नावाची लष्करी शाळा झाली. सहकारी सूतगिरणी चालली. सोने शुद्ध करण्याचा कारखानासुद्धा शिरपूरला निघाला. आमच्यासारख्या कापूस पिकवणाऱ्या तालुक्यात सोन्याचा कारखाना, याचे आम्हा मास्तर लोकांना फार हसू यायचे. तो पुढे दुसऱ्या उद्योगसमूहाकडे गेला आणि दिवाळखोरीच्या प्रक्रियेत अडकला. म्हणजे हात लावला त्याचे सोनेच झाले असे नाही. पण सबंध हिशोब मांडला तर एखाद्या तालुक्याच्या गावाच्या वाट्याला एवढे फारसे येत नाही, हे कुणीही कबूल करेल.

तरीही हे सगळे नसते तरी चालले असते, असे मी म्हणतो ते पाण्यामुळे. पाणी मात्र नसते तर चालले नसते.

तापीच्या खोऱ्यात गाळाच्या मातीचे शेकडो फुटांचे थर आहेत आणि त्यांच्यामध्ये चिकणमातीचे पडदे. वरून पाऊस पडतो, पण त्या पडद्यांतून खाली उतरत नाही, नाल्यातून वाहून तापीला मिळतो. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला विहिरीत डोकावले की पाणी दिसायचे. केळी आणि ऊस वाढले, विजेचे पंप आले आणि पाणी दरवर्षी खाली खाली जाऊ लागले. पुढे बोअर चारशे-पाचशे फुटांवर गेली. शाळेत मे महिन्याच्या सुट्टीआधी मुले गळायची, कारण पाणी आणायला घरी कुणीतरी हवे. त्यात मुली जास्त. माझ्या हजेरीपटावर हे स्पष्ट दिसायचे.

सुरेश खानापूरकर नावाचे भूवैज्ञानिक होते, सरकारच्या भूजल खात्यात नोकरी केलेले. त्यांचे म्हणणे साधे होते : नाला नुसता अडवू नका, तो रुंद आणि खोल करा. वीस मीटर रुंद, दहा-पंधरा मीटर खोल. चिकणमातीचा पडदा फोडून खालच्या वाळूपर्यंत, आणि सातपुड्याच्या बाजूला तडे गेलेल्या खडकापर्यंत पोचा. मग एकाच नाल्यावर ओळीने सिमेंटचे बंधारे बांधा. दारे नकोत, कारण दारे चोरीला जातात (हे मी पाहिलेले आहे). पावसाळ्यात धरणातून वाहून जाणारे जादा पाणी कालव्याने आणून कोरड्या विहिरींत गाळून सोडण्याचाही प्रयोग त्यांनी केला. हे सरकारी अंदाजपत्रकाच्या कोणत्याही साच्यात बसत नव्हते. अशा माणसाला सरकारी व्यवस्थेत ऐकून घेणारा मिळत नाही. खानापूरकरांना तो शिरपुरात मिळाला. 2004 च्या सुमारास काम सुरू झाले, सुरुवातीचा पैसा सूतगिरणीकडून आला. पहिल्या काही गावांत विहिरींना पाणी दिसू लागले, तेव्हा बाकीची गावे स्वतःहून मागायला आली. पुढे बंधाऱ्यांची संख्या दोनशेच्या वर गेली आणि 'शिरपूर पॅटर्न' हा शब्द मराठवाड्यातल्या दुष्काळी गावांपर्यंत पोचला.

आता मोशीकडे या. आमचे हे गाव 1997 मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. एके काळी जकातीच्या जोरावर आशियातली श्रीमंत महापालिका म्हणून मिरवलेली ही संस्था. तिने नोव्हेंबर 2019 मध्ये दिवसाआड पाणी सुरू केले. तात्पुरते म्हणून. वर्षामागून वर्षे ते तसेच चालले आणि मोशी, चिखली, चऱ्होलीच्या नव्या सोसायट्या टँकरच्या वहीवर आल्या. पवना धरणातून बंद नळाने पाणी आणायचे ठरले होते. त्याविरुद्ध मावळातले शेतकरी रस्त्यावर आले, 9 ऑगस्ट 2011 ला गोळीबारात तिघांचा जीव गेला आणि पुढे बारा वर्षे ते काम थांबलेले राहिले. शेतकऱ्यांचे म्हणणे चूक होते असे मला मुळीच वाटत नाही. पण त्या बारा वर्षांत त्यांच्याशी बसून बोलायची जबाबदारी नेमकी कुणाची होती?

महापौरांची म्हणावे, तर कोणत्या? 2017 मध्ये शेजारच्या चऱ्होलीचे नितीन काळजे महापौर झाले, 2018 मध्ये जाधववाडीचे राहुल जाधव, 2019 मध्ये उषा ढोरे. पाच वर्षांत तीन. यात त्यांचा दोष नाही, महापौराची मुदत मुळात अडीच वर्षांची आणि ती पक्षाने वाटून घ्यायची रीत. शिवाय महापालिकेत खरा कारभार आयुक्तांच्या हाती, महापौर सभा चालवतो. मार्च 2022 मध्ये सभागृहाची मुदत संपली, तर जानेवारी 2026 मध्ये निवडणूक होईपर्यंत जवळजवळ चार वर्षे प्रशासकच होते. माझा नातू या काळात पहिलीतून पाचवीत गेला. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातले 'तुमच्या प्रभागाच्या नगरसेवकाचे नाव लिहा' हे वाचून त्याने मला विचारले, आणि मी त्याला ती जागा रिकामी ठेवायला सांगितली.

तेव्हा अमरीशभाई हवे होते, असे आमच्या बैठकीतल्या माणसाला वाटते त्यात नवल नाही. भूजलाचे काम वीस वर्षांचे आणि आपली खुर्ची अडीच वर्षांची, हे गणित जमत नाही. नाला खोदलेल्या वर्षी पाऊस कमी झाला तर तो माणूस वेडा ठरतो, निवडून येत नाही, आणि पुढचा येऊन नाला बुजवतो. शिरपुरात तो पुन्हा येणार हे सगळ्यांना ठाऊक होते, म्हणून त्याला घाई नव्हती. कराडचे पी. डी. पाटील चाळीस वर्षांच्या वर नगराध्यक्ष होते, त्यांच्याबद्दलही तिकडची माणसे असेच बोलतात असे आमचे सातारकर सांगतात. एका माणसाने एका गावात दीर्घकाळ राहून केलेल्या कामाला तोड नसते. इथपर्यंत मी बैठकीबरोबर आहे.

पुढे नाही.

समजा, तुमचा मुलगा त्यांच्या कॉलेजात शिकतो. सून त्यांच्या शाळेत शिक्षिका आहे. भाऊ गिरणीत कामाला. मेव्हणा पालिकेत. आणि तुमच्या गल्लीतली गटार तुंबली आहे. तक्रार कुणाकडे करणार? त्यांच्याकडेच. ते ऐकतीलही, गटार साफही होईल, कदाचित मोशीपेक्षा लवकर होईल. पण समजा तक्रार गटाराची नाही, त्यांच्याच एखाद्या निर्णयाविरुद्धची आहे. मग? कुणी धमकावते असे मी म्हणत नाही, माझ्या तरी कानावर तसे कधी आले नाही. मुद्दा असा, की धमकी न देताच माणूस गप्प बसतो. घरी बायको म्हणते, "जाऊ द्या हो, आपल्याला त्यांच्याकडेच जायचे आहे." हे वाक्य मी तीस वर्षांत इतक्या घरांत ऐकले आहे की ते मला अहिराणीत, मराठीत आणि गुजरातीत पाठ आहे. चांगल्या माणसाच्या राज्यातही हे वाक्य तयार होते. खरे तर चांगल्या माणसाच्या राज्यात ते अधिक पक्के होते, कारण उपकाराचे ओझे असते.

आणि विरोधक? शाळेत ज्यांना मी वक्तृत्वस्पर्धेत पहिला नंबर दिला, अशी चार-पाच मुले तरी मला आठवतात जी चांगले नगरसेवक, कदाचित आमदार झाली असती. त्यातली दोन पटेलांच्या गटात जाऊन चांगल्या पदावर बसली, छान चालले आहे त्यांचे. एक शेती करतो. बाकीची इथे चाकणला कंपन्यांत आहेत. गावात राजकारण करायचे तर एकाच दाराने आत जायचे, हे कळल्यावर हुशार पोरगा दुसरे गाव बघतो. शिरपुरात इंजिनिअरिंग शिकून चाकणला आलेली मुले मला मोशीच्या बाजारात रोज भेटतात, पाया पडतात, आनंद होतो. पण मनात येते, कॉलेजे आली, मुले शिकली आणि निघून गेली! नोकऱ्या हे एक कारण झालेच. साखर कारखाना बंद पडला तो वर्षानुवर्षे बंदच राहिला. पण नोकरी हे एकच कारण असते तर ती गावच्या निवडणुकीबद्दल बोलताना अशी सिनेमा पाहिल्यासारखी बोलली नसती.

हा रोग एकट्या शिरपूरचा नाही. शेजारच्या दोंडाईच्यात 2025 च्या निवडणुकीत मंत्री जयकुमार रावल यांच्या मातोश्री बिनविरोध नगराध्यक्ष झाल्या आणि सगळे नगरसेवकही बिनविरोध. एकाही वॉर्डात मतदान नाही! मला तर वाटते, बिनविरोध या शब्दाचा अभिनंदनाशी काहीतरी संबंध आहे हे आपण विसरून गेलेले बरे.

आमचे बैठकवाले यावर म्हणतात, "मास्तर, पाणी पाहिजे का निवडणूक, ते सांगा." हा प्रश्न मला मान्य नाही. पाणी आणि निवडणूक यांची अदलाबदल कुठल्या कायद्यात लिहिली आहे? 1965 च्या नगरपालिका कायद्यात तर नाही. त्या कायद्यात नगराध्यक्ष कधी थेट, कधी नगरसेवकांतून असा खेळ मात्र झाला : 2001 मध्ये थेट, 2006 मध्ये पुन्हा नगरसेवकांतून, 2016 मध्ये थेट, 2020 मध्ये रद्द, 2022 मध्ये परत थेट. ज्याला ज्या वेळी जे सोयीचे. माझे मत विचाराल तर थेटच बरे, पाच वर्षांचे बरे, पुन्हा उभे राहायलाही मुभा असावी. पण त्याबरोबर खालून विचारणारे कुणीतरी हवे. 2009 मध्ये आपल्या राज्यात क्षेत्रसभेचा कायदा झाला, 'नगरराज बिल' म्हणत त्याला. खेड्यात ग्रामसभा तशी शहरात मतदान केंद्रागणिक नागरिकांची सभा. कायदा कागदावर राहिला. मोशीत मी एकही क्षेत्रसभा पाहिली नाही आणि शिरपूरचे मित्रही नाहीच म्हणतात. म्हणजे जिथे एकच माणूस चाळीस वर्षे आहे तिथेही ती नाही, आणि जिथे अडीच वर्षांत माणूस बदलतो तिथेही नाही. या एका बाबतीत दोन्ही गावे सारखी!

शिरपूर पॅटर्नचे पुढे काय झाले तेही या वादाला धरूनच आहे. 2014 नंतर 'जलयुक्त शिवार' आले, राज्यभर नाले खोल होऊ लागले. खोदाईचे आकडे छापून आले. अनेक ठिकाणी नुसतेच खोदले, खाली कोणता थर आहे हे न पाहता. एच. एम. देसरडांसारखे अभ्यासक याविरुद्ध उच्च न्यायालयात गेले. शिरपुरात जे चालले ते तापीच्या गाळात आणि तिथल्या खडकात चालले, आणि तिथे प्रत्येक नाल्यावर खानापूरकर स्वतः उभे होते. बाकीच्यांनी पोकलेन घेतला आणि भूवैज्ञानिक सोडला. मोशीला अमरीशभाई हवे होते, असे म्हणणारे तेच करत आहेत. मोशीत सूतगिरणी नाही, तालुक्यात सगळ्यांची सगळ्यांशी ओळख नाही, पाणी धरणाचे आणि धरण दुसऱ्यांच्या शेतात. इथे तो माणूस आणून बसवला तर तो काय करील? टँकरचे दर बोलून थोडे कमी करून देईल, फार तर.

शिरपूरबद्दल मला खरी काळजी वेगळीच आहे. बंधारे गाळाने भरतात. दर तीन-चार वर्षांनी गाळ काढावा लागतो, भिंतीला चीर गेली तर बुजवावी लागते. आजवर हे करून घेणारे एक घर होते. ही दोनशेच्या वर बांधकामे उद्या कुणाच्या मालकीची, कुणाच्या खर्चात? ग्रामपंचायतींच्या वहीत ती आहेत का? कोणत्या बंधाऱ्याचा गाळ कधी काढला याची नोंद गावात कुणाकडे आहे? घरातली पुढची पिढी कर्तबगार निघेलही. पण शेतकऱ्याने आपली विहीर दुसऱ्याच्या मुलाच्या कर्तबगारीवर सोडावी का?

भूजल खात्याच्या निरीक्षण विहिरी असतात. वर्षातून चार वेळा त्यांची पातळी मोजतात : जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर. ही नोंद कुणाच्या बाजूची नसते. मे महिन्यात पुतण्याच्या घरी लग्न आहे, तेव्हा गावी जाणारच आहे. धुळ्याच्या कचेरीत जाऊन आमच्या भागातल्या दोन-तीन विहिरींच्या 2004 पासूनच्या पातळ्या मागणार आहे, आणि ग्रामपंचायतीत बंधाऱ्यांची वही. बरोबर माझा एक जुना विद्यार्थी येतो म्हणाला आहे. मात्र आपले नाव कुठे लिहू नका, असेही म्हणाला. आकडे मिळाले की इथे मांडीन.